ब्राँकायटिस की न्यूमोनिया? खोकला तोच, जागा वेगळी

चिठ्ठीवर ब्राँकायटिस लिहिलं की घरात लगेच कुजबुज सुरू, म्हणजे न्यूमोनियाच ना? नाही हो. खोकला, कफ, कणकण दोन्हीत असते त्यामुळे घोळ होणं साहजिक आहे, पण फुप्फुसात दोन अगदी वेगळ्या जागा आहेत आणि सूज कुठल्या जागी आहे यावरच पुढचं सगळं ठरतं.

घशाखालून श्वासनलिका साधारण 10-12 सेंटिमीटर खाली जाते, मग तिला दोन फाटे फुटतात, त्या फाट्यांना परत फाटे, असं करत करत वीसपेक्षा जास्त वेळा. यातल्या पहिल्या सोळाएक फाट्यांपर्यंत हवेची नुसती ये-जा, रक्ताशी काही देणंघेणं नाही. आरामात बसून घेतलेला श्वास अर्धा लिटरचा असतो, त्यातली जवळपास 150 मिली हवा या नळ्यांतच राहते आणि न वापरता तशीच बाहेर येते. खरं काम टोकाला, वायुकोशांत. हे फुगे काही कोटींत, 30 ते 50 कोटी, आणि भिंत एवढी पातळ की पलीकडे लगेच रक्त. सोसायटीच्या भाषेत नळ्या म्हणजे जिना आणि वायुकोश म्हणजे फ्लॅट.

ब्राँकायटिस जिन्यातला. नळीचं अस्तर सुजतं, कफ जास्त होतो, तो वर ढकलणारे बारीक केस नीट काम करेनासे होतात, मग खोकून खोकून काढायचा. पण वायुकोश मोकळे असतात म्हणून ऑक्सिजन सहसा ठीक राहतो. बहुतेक वेळा कारण व्हायरस, त्यामुळे अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतोच. आपल्याकडे मात्र पाचव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून डॉक्टर बदलतात, नाहीतर मेडिकलवाल्याकडून मनानेच गोळ्या आणतात. कफ हिरवा झाला म्हणजे बॅक्टेरिया, हेही खरं नाही, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधून येतो. (सिगरेटवाल्यांचा वर्षानुवर्षांचा ब्राँकायटिस हे वेगळंच प्रकरण आहे, ते इथे नको.)

न्यूमोनियात फ्लॅटमध्येच पाणी शिरतं. वायुकोशांत हवेऐवजी पू आणि द्रव, मग रक्त तिथवर येतं आणि ऑक्सिजन न घेताच परत फिरतं, म्हणून श्वास भराभर चालतो. थंडी वाजून ताप येतो, खोल श्वास घेतला की छातीत टोचल्यासारखं दुखतं, आणि गंमत म्हणजे ते फुप्फुस दुखत नसतं, त्याला तसली जाणीवच नाही, दुखतं ते छातीच्या आतून असलेलं आवरण. वयस्कर माणसांत तर कधीकधी ताप येतही नाही, आजोबा नुसते जेवेनासे होतात किंवा असंबद्ध बोलायला लागतात, आणि घरचे वयामुळे असेल म्हणून सोडून देतात. हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. लहान मुलांचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, मूल शांत असताना: 2 महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, 1 ते 5 वर्षांत 40, एवढे किंवा जास्त असतील तर लगेच दाखवायचं.

2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला तेव्हापासून आपल्याला न्यूमोनियाची धास्ती आहे, आणि कोविडमुळे घरोघरी ऑक्सिमीटर आले. तो लावून बघा जरूर, नेलपॉलिश पुसून, हात गरम करून. 94 च्या खाली दाखवला तर वाट बघायची नाही. पण 97 आला म्हणजे न्यूमोनिया नाहीच असं समजू नका, सूज छोट्या भागात असेल तर बाकीचं फुप्फुस सांभाळून घेतं. स्टेथोस्कोपमध्ये ब्राँकायटिस असेल तर नळ्यांची शिट्टी किंवा घरघर ऐकू येते, न्यूमोनियात एका ठरावीक जागी बारीक चरचर. शंका राहिली तर एक्स-रे, त्यात न्यूमोनियाचा पांढरा डाग दिसतो, ब्राँकायटिसमध्ये तो बहुतेक स्वच्छच येतो.

न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावर, न्यूमोकोकस नावाच्या बॅक्टेरियावर, लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही 2020 मध्ये स्वतःची आणली. बाळांच्या सरकारी लसीकरणात न्यूमोकोकसची लस आहेच, आजी-आजोबांचं मात्र डॉक्टरांना आपणहून विचारावं लागतं. ब्राँकायटिससाठी अशी वेगळी लस नाही, फ्लूची घेतली तर तेवढा एक वाटा कमी होतो.