घडीचा चाकू घेताना स्टीलच्या नावाआधी पात्याची जाडी बघा

रोज खिशात ठेवायला छोटासा घडीचा चाकू घ्यायचा, एकदम स्वस्तातला नको आणि खूप महागातलाही नको, असं ठरवून कोणी शोधायला बसलं की दोन-चार व्हिडिओ बघेपर्यंत ते स्टीलच्या नावांत अडकलेलं असतं. डी२ चांगलं की १४सी२८एन, ८सीआर१३एमओव्ही घ्यावं का, एस३०व्ही साठी थोडे पैसे वाढवावेत का वगैरे. स्टीलला महत्त्व आहेच, पण रोजची कामं जर पार्सलची टेप, दोरी, पुठ्ठ्याचा खोका, एखादं फळ एवढीच असतील तर चाकू नीट कापतो की नाही हे सगळ्यात आधी पात्याच्या आकारावर ठरतं, मग त्या पोलादाला पाणी कसं दिलंय (म्हणजे ते तापवून गार कसं केलंय) त्यावर, आणि नाव त्याच्यानंतर. माझं हे मत पक्कं आहे, आणि त्यामागे साधं फिजिक्स आहे.

कापताना काय होतं ते बघा. चांगल्या धारेचं अगदी टोक एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असू शकतं (माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो), त्यामुळे हाताचा थोडासा जोरसुद्धा एवढ्याशा जागेवर एकवटतो आणि दाब प्रचंड वाढतो. त्यात नुसतं वरून दाबण्याऐवजी पातं ओढत कापलं तर आणखी कमी जोर लागतो, टोमॅटोची साल दाबून चेचते आणि ओढली की लगेच कापली जाते ती याचमुळे. पण ही झाली फक्त सुरुवातीची चीर. त्यानंतर पातं पाचरीसारखं आत शिरतं, दोन्ही बाजूंचा माल ढकलत आणि घासत जातं, आणि जाड पुठ्ठा कापताना आपला बहुतेक जोर इथेच खर्च होतो. म्हणून धारेच्या लगेच मागे पातं किती जाड आहे हे बघायचं. तिथे ०.३ ते ०.५ मिलिमीटर असेल तर चाकू पुठ्ठ्यातून सरसर जातो, ०.८ च्या पुढे गेलं की कितीही धार लावा, अर्ध्यात अडकतो आणि पुठ्ठा फाटायला लागतो. पात्याची पाठ हलक्या कामाला २ ते ३ मिलिमीटर भरपूर झाली. ४ मिलिमीटरची जाडजूड पाती फोटोत दणकट दिसतात, पण ती तासायला आणि ठोकायला, आणि ते काम घडीच्या चाकूचं नाहीच मुळी.

आता स्टील. पोलाद कडक होतं ते कार्बनमुळे आणि गंजत नाही ते क्रोमियममुळे, शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये क्रोमियमवालं न गंजणारं पोलाद केलं तेव्हापासून सुऱ्या-चाकूंचं जगच बदललं. गंमत अशी की नुसता क्रोमियमचा आकडा बघून चालत नाही. डी२ मध्ये साधारण १२ टक्के क्रोमियम असतं पण कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास, मग बरंचसं क्रोमियम त्या कार्बनबरोबर कार्बाइडचे कडक कण बनवण्यात अडकून पडतं आणि गंज थांबवायला उरतं ते कमी. म्हणून डी२ घासून लवकर झिजत नाही, पण घामट खिशात किंवा लिंबू कापून तसंच ठेवलं तर डाग धरतं. १४सी२८एन मध्ये उलटं केलंय, कार्बन फक्त ०.६२ टक्के, क्रोमियम १४, आणि कार्बनची थोडी कसर नायट्रोजनने भरून काढलेली. कण बारीक, धार बारीक कोनात टिकते, गंजाची काळजी कमी आणि साध्या दगडावर पटकन धार लागते. मधल्या किमतीत आणि हलक्या वापराला मला हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. एस३०व्ही मध्ये व्हॅनेडियमचे कार्बाइड असतात, ते धार लावायच्या नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षाही कठीण, त्यामुळे धार खूप दिवस राहते खरी पण गेल्यावर डायमंडची प्लेट असलेली बरी.

आणि नाव एकच असलं तरी दोन कंपन्यांचे चाकू सारखे निघत नाहीत, कारण पोलाद हजार अंशांच्या वर तापवून झटकन गार करणं आणि मग पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणं, हे कोणी किती मनापासून केलंय त्यावर सगळं अवलंबून आहे. यातून येणारी कठीणता रॉकवेल सी मापावर मोजतात, या वर्गातले चाकू बहुतेक ५८ ते ६१ मध्ये असतात. कमी असेल तर धार दुमडते, उगाच जास्त असेल तर टवके उडतात. कंपनी हा आकडा उघड सांगत असेल तर मला ती चांगली खूण वाटते.

धार नेमकी कशी जाते यावर एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये फार सुंदर काम केलंय. केस हा पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी दाढीच्या ब्लेडला तो बोथट कसा करतो? इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसलं की धार नुसती झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात, तेही केस वाकून तिरका येतो आणि त्याच जागी पोलादाची आतली रचना एकसारखी नसते तेव्हा. चाकूलाही यातून घेण्यासारखं आहे. पुठ्ठा कापताना पातं आडवं पिळू नका, सरळ ओढा. शिवाय पुठ्ठ्यात मातीचे, खनिजांचे बारीक कण असतातच, त्यामुळे तो दिसतो मऊ पण धार भराभर खातो.

लॉकवर, म्हणजे उघडलेलं पातं आपोआप मिटू न देणाऱ्या खटक्यावर, मात्र अजिबात तडजोड करू नका, कारण इथे चूक झाली तर बोटांवर येतं. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली एक पट्टी स्प्रिंगसारखी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. पातं उघडा, ती पट्टी पूर्ण टेकलीय का, नुसती कडेला अडकलीय का ते डोळ्यासमोर धरून बघा, मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पाठीवर हलका दाब द्या आणि पातं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. अजिबात खडखड नको. ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या चाकूला पातं अडकवायला १९५५ पासून फिरवायची कडी असते, साधी गोष्ट पण भक्कम. बंद चाकू टोकाकडून खाली झटकला तर आपोआप उघडता कामा नये, हेही दुकानातच बघून घ्या.

बाकी मूठ जी१० ची (काचेच्या तंतूंचं कापड आणि इपॉक्सी राळ दाबून केलेली) किंवा ग्लासफायबर-नायलॉनची असली की हलकी आणि न घसरणारी, पातं ७-८ सेंटीमीटर आणि एकूण वजन शंभर ग्रॅमच्या आत असलं की खिशात जाणवत नाही, नाहीतर चाकू चार दिवसांत ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. लॉक होणारं पातं किंवा ठराविक लांबीपेक्षा मोठं पातं जवळ बाळगण्याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, ते विकत घ्यायच्या आधी वाचा, आणि विमानात हातातल्या बॅगेत तर ठेवूच नका.

धार गेलीय का हे ओळखायला बोट फिरवायची गरज नाही. दिव्याखाली धार स्वतःकडे करून धरा आणि हळूहळू कलवा. चांगली धार दिसतच नाही, जिथे बारीक पांढरी चमक दिसेल तिथे ती चपटी झालीय किंवा टवका उडालाय. तेवढ्यावरच दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंशांत दगडावर थोडे हात मारले की काम होतं, पण हे चमक दिसल्या दिसल्या करा, पूर्ण बोथट होईपर्यंत थांबलात तर बरंच पोलाद घासून काढावं लागतं आणि धारेमागची जाडी प्रत्येक वेळी वाढत जाते.