काटापट्टीवरची प्रश्नचिन्हे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या काट्यावर, ऐन कापसाच्या हंगामात छापलेली एक काटापट्टी मी पाहिली होती. वजन बरोबर होते, भाव बरोबर होता, तारीखही बरोबर होती. शेतकऱ्याच्या नावाच्या जागी मात्र पाच प्रश्नचिन्हे होती. नाव होते गजानन. संगणकाच्या लेखी हे नाव ग, ज, काना, न आणि न अशा पाच खुणांचे बनते, आणि त्या पाचही खुणा वाटेत गळाल्या होत्या. दोष ना मुनीमजींच्या टंकलेखनाचा होता, ना डेटाबेसचा. काट्यावरचा प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्या मधोमध बसवलेल्या ड्रायव्हरला देवनागरी कळत नव्हती.

हा ड्रायव्हर ट्रॅक्टरवरचा नव्हे; त्याचे काम दुभाष्याचे आहे. मेळघाटातल्या एखाद्या कोरकू आजीला तहसिलीत अर्ज द्यायचा असेल, तर दोन्ही भाषा जाणणारा कोणीतरी सोबत लागतो, तसेच हे. माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची रिलेशनल पद्धत आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली आणि तिच्यावर पुढे अनेक डेटाबेस उभे राहिले. परंतु नेटवर्कवरून बोलण्याची प्रत्येकाची रीत निराळीच राहिली. पोस्टग्रेस सहसा ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावर, ऐकतो, मायएसक्यूएल ३३०६ वर, आणि एकाचे बोलणे दुसऱ्याला समजत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याला निदान आपल्या बाजूने एकाच ठरावीक पद्धतीने बोलता यावे, यासाठी १९९२ मध्ये ओडीबीसी आणि १९९७ मध्ये जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जगात जेडीबीसी ही मानके आली. मानक एक असले, तरी त्याप्रमाणे लिहिलेले ड्रायव्हर अनेक असतात, आणि निवडीचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

विंडोजवर पोस्टग्रेसचा ओडीबीसी ड्रायव्हर बसवला, की यादीत त्याची दोन रूपे दिसतात: एक एएनएसआय, दुसरे युनिकोड, म्हणजे देवनागरीसह जगभरच्या लिप्या जाणणारे. वर्णक्रमाने एएनएसआय आधी येते, म्हणून घाईत तेच निवडले जाते. या रूपाकडे मजकूर जाताना तो संगणकाच्या जुन्या, अडीचशेच्या आसपास चिन्हांच्या तक्त्यात बसवला जातो. त्या तक्त्यात जे अक्षर नाही, त्याच्या जागी प्रश्नचिन्ह येते. इंग्रजी आकडे प्रत्येक तक्त्यात असतात, त्यामुळे वजनाला धक्का लागत नाही आणि चूक लवकर लक्षातही येत नाही. यातली खरी हानी अशी, की डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्ह एकदा साठवले गेले, की त्यामागचे अक्षर कोणत्याही युक्तीने परत मिळत नाही. त्या जिनिंगमध्ये जुन्या पट्ट्यांच्या कार्बन प्रती काढून नावे पुन्हा भरावी लागली.

विंडोजचा आणखी एक घोळ सांगण्याजोगा आहे. प्रोग्राम ३२ बिटांचा असेल, तर ओडीबीसी ड्रायव्हरही ३२ बिटांचाच लागतो, मग संगणक कितीही नवा असो. (गंमत म्हणजे ६४ बिटांची साधने ‘सिस्टम ३२’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात!) जेडीबीसीमध्ये निव्वळ जावात लिहिलेला, चौथ्या प्रकारचा ड्रायव्हर घेतला, तर प्रत्येक संगणकावर डेटाबेसचे वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागत नाही. तालुक्याहून आलेला मुलगा दर सहा महिन्यांनी संगणक फॉरमॅट करून जातो, अशा ठिकाणी मी तरी याखेरीज कोणताही प्रकार वापरणार नाही. ओडीबीसीवरून जाणारा जेडीबीसीचा जुना पूल तर २०१४ साली जावा ८ मधून काढूनच टाकला गेला.

अंतराचा विचार मात्र सावकाश करावा लागतो. डेटाबेस मुंबईच्या सर्व्हरवर, काटा खेड्यात आणि मधला दुवा मोबाइलच्या टॉवरचा. समजा, एका खेपेला ८० मिलिसेकंद लागतात. ओरॅकल या डेटाबेसचा जेडीबीसी ड्रायव्हर मुळात एका खेपेत १० ओळी आणतो. हंगामातल्या ५,००० पट्ट्या मागवल्या, तर ५०० खेपा होतील आणि नुसत्या ये-जा करण्यात ४० सेकंद जातील. एका खेपेतल्या ओळींचा आकडा वाढवून ५०० केला, की तेच काम दहा खेपांत, म्हणजे सेकंदाच्या आत होते. पोस्टग्रेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरचा स्वभाव नेमका उलटा आहे. तो वेगळे काही सांगितले नाही, तर सगळा निकाल एकदम स्मृतीत भरतो, आणि कमी रॅमचा संगणक तिथेच मान टाकतो. म्हणून अमुक ड्रायव्हर वेगवान आहे, या नुसत्या विधानाला फारसा अर्थ नाही. तो कोणत्या अंतरावर आणि किती ओळींसाठी, हे विचारले पाहिजे.

शिवाय आपल्याकडे लाइन जाते. राउटर बंद पडतो, जोडणी तुटते, पण प्रोग्रामला ते कळतेच असे नाही. पोस्टग्रेसच्या त्याच ड्रायव्हरमध्ये उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा मुळात शून्य, म्हणजे अमर्याद असते. ती हाताने बसवली नाही, तर पडदा गोठतो आणि काट्यापुढे गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते. त्याहून नाजूक प्रसंग नोंद पक्की करण्याचा हुकूम सुटल्यावर लाइन जाण्याचा. नोंद झाली की नाही, हे अशा वेळी कोणताही ड्रायव्हर सांगू शकत नाही. म्हणून पट्टीला एकमेव क्रमांक असावा आणि पुन्हा पाठवण्याआधी तो क्रमांक डेटाबेसमध्ये शोधावा. एरवी एकाच गाडीचे चुकारे दोनदा निघतात.

नवा ड्रायव्हर हंगामापूर्वी, आश्विनातच तपासलेला बरा. ज्या संगणकावर तो चालणार आहे, त्याच संगणकावरून ‘गोऱ्हे’ किंवा ‘वऱ्हाडे’ असे नाव साठवून परत वाचावे, पाच हजार ओळी मागवून घड्याळ लावावे, आणि मग नोंद चालू असताना नेटवर्कची वायर उपसून प्रोग्राम किती वेळात तक्रार करतो, ते पाहावे.