५७ क्रमांकाच्या मादीचा वंश

जगभरातल्या प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरला जाणारा उंदीर काळाभोर असतो. त्याच्या वाणाचे नाव सी-५७ ब्लॅक-६. यातला ५७ हा एका मादीचा क्रमांक आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी इथे ॲबी लॅथ्रॉप या माजी शिक्षिकेने १९००च्या सुमारास हौशी लोकांना विकण्यासाठी उंदीर पाळायला सुरुवात केली. कोंबड्यांचा व्यवसाय बसला होता, उंदरांचा चालला. लवकरच हार्वर्डचे विल्यम कॅसल यांच्यासारखे आनुवंशिकीचे अभ्यासक त्यांच्याकडून उंदीर नेऊ लागले. काही उंदरांच्या अंगावर विचित्र गाठी येतात हे लॅथ्रॉपबाईंच्या नजरेने टिपले. रोगनिदानाचे अभ्यासक लिओ लोब यांनी त्या गाठी तपासून कर्करोगाचे निदान केले. पुढे दोघांनी मिळून दाखवले की गाठींचे प्रमाण घराण्यागणिक बदलते आणि बीजांडकोश काढले की स्तनातल्या गाठी कमी होतात.

कॅसल यांचा विद्यार्थी क्लॅरेन्स कुक लिटल याने १९०९ मध्ये सख्ख्या भावा-बहिणींची जोडी लावून वाण शुद्ध करायला घेतला. पहिला वाण डीबीए. मग १९२१ मध्ये लॅथ्रॉप यांच्या कळपातल्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून काळा वाण निघाला. भावा-बहिणींची जोडी सलग २० पिढ्या लावली की जनुकांच्या ९८ टक्क्यांहून अधिक जागी दोन्ही प्रती सारख्या होतात. वाण 'शुद्ध' मानायची अट तीच. गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा, दूध तुटायला आणखी तीन आठवडे, सहा ते आठ आठवड्यांत प्रजननक्षम. एक पिढी तीन महिन्यांची धरली तरी २० पिढ्यांना पाच वर्षे लागतात, आणि तीही वंश टिकला तर. दडलेले दोष वर येतात, पिल्ले कमी होतात, माद्या वांझ निघतात आणि अनेक वंश मध्येच संपतात. जे तरतात, त्यांच्यात एकाची कातडी दुसऱ्याला लावली तर शरीर ती नाकारत नाही. प्रत्यारोपण आणि कर्करोगाच्या अभ्यासकांना हवा होता तो नेमका हाच गुण.

लिटल यांनी १९२९ मध्ये मेन राज्यातल्या बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरी काढली. १९४७च्या वणव्यात ती जळाली आणि उंदीरही गेले. तिने पूर्वी ज्यांना उंदीर पाठवले होते, त्यांनी ते परत पाठवले म्हणून वाण वाचले.

मेंदूच्या अभ्यासकांना हा उंदीर असा वारशाने मिळाला. वर्तनासाठी त्याची निवड कोणी केलीच नव्हती, आणि या क्षेत्रातल्या निम्म्या अडचणींचे मूळ तिथे आहे. सी-थ्री-एच वाणाच्या डोळ्याचा पडदा जन्मानंतर काही आठवड्यांतच निकामी होतो. डीबीए-२ लहानपणीच बहिरा होऊ लागतो आणि उतारवयात त्याला काचबिंदू होतो. ब्लॅक-६ सुरुवातीला नीट ऐकतो, पण वय वाढते तशी वरच्या पट्टीतले आवाज ऐकण्याची त्याची क्षमता जाते. १२९ या वाणाच्या काही शाखांत तर मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा मज्जातंतूंचा पूलच अपुरा असतो. ठरावीक सूर ऐकवून पायाला विजेचा सौम्य झटका द्यायचा आणि उंदीर तो सूर लक्षात ठेवतो का ते पाहायचे, ही चाचणी म्हाताऱ्या ब्लॅक-६ वर केली तर विसर आणि बहिरेपण यांत फरक करता येत नाही.

१२९ने पुढे आणखी एक गुंता केला. १९८१ मध्ये मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी उंदराच्या भ्रूणातल्या मूलपेशी वाढवून दाखवल्या, आणि दशक संपेपर्यंत मारिओ कॅपेकी आणि ऑलिव्हर स्मिथीज यांच्या पद्धतीने त्या पेशींतले हवे ते जनुक बंद करता येऊ लागले. इव्हान्स, कॅपेकी आणि स्मिथीज यांना यासाठी २००७चे नोबेल मिळाले. या मूलपेशी बहुधा १२९च्या असत. पिल्लू जन्मले की त्याचा संकर ब्लॅक-६ शी करायचा. पण बंद केलेल्या जनुकाच्या शेजारचा गुणसूत्राचा तुकडा १२९चाच राहतो, आणि दिसलेला फरक कोणामुळे हे कळत नाही. म्हणून ब्लॅक-६ शी निदान दहा पिढ्या उलट संकर करायचा आणि तुलनेला त्याच वेतातली भावंडे घ्यायची, असा शिरस्ता पडला. दहा पिढ्यांनंतरही शेजारचा थोडा तुकडा उरतोच.

१९९२ मध्ये सुसुमू तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत आल्सिनो सिल्वा आणि सहकाऱ्यांनी असेच एक जनुक बंद केले. ते उंदीर पाण्याच्या चाचणीत जागा लक्षात ठेवू शकले नाहीत. ही चाचणी रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये रॅट या मोठ्या भावंडासाठी बसवली होती. उंदरासाठी साधारण १.२ मीटर व्यासाची गोल टाकी घेतात. पाणी २१-२२ अंशांचे, बिनविषारी रंगाने गढूळ केलेले, आणि पृष्ठभागाखाली एक सेंटिमीटरवर सुमारे १० सेंटिमीटर रुंदीचा लपवलेला चौथरा. दिवसाला चार फेऱ्या, दर वेळी वेगळ्या जागेवरून, प्रत्येकी ६० सेकंद. सापडला नाही तर हाताने चौथऱ्यापाशी न्यायचे आणि १५ सेकंद तिथे बसू द्यायचे. पाच-सात दिवसांनी चौथरा काढून टाकतात आणि उंदीर कुठल्या चतुर्थांशात जास्त पोहतो ते मोजतात. चौथरा होता त्या चतुर्थांशात नुसत्या योगायोगाने २५ टक्के वेळ जातोच, त्याच्या वर जे असेल ती आठवण.

चुका इथेच होतात. उंदीर पोहायचे सोडून तरंगत राहतो किंवा भिंतीलगत गोल फिरतो, आणि मोजणारा त्याला 'विसरभोळा' ठरवतो. फेऱ्यांच्या मध्ये कोरडे करून ऊब दिली नाही तर अंग गारठते आणि चौथी फेरी हमखास बिघडते. भिंतीवरच्या खुणांइतकाच उभा माणूसही उंदरासाठी खूण असतो, त्यामुळे प्रयोग करणाऱ्याने जागा बदलली की नकाशा बदलतो. शेवटी चौथऱ्यावर झेंडी लावून एक फेरी घ्यावीच लागते. दिसणारा चौथराही जो गाठत नाही, त्याच्या स्मृतीबद्दल काही बोलता येत नाही.

सर्वांत मोठा धक्का १९९९ मध्ये बसला. जॉन क्रॅब, डग्लस वॉल्स्टन आणि ब्रूस डुडेक यांनी पोर्टलँड, एडमंटन आणि ऑल्बनी इथे तेच वाण, त्याच चाचण्या, तीच उपकरणे वापरली, वेळापत्रकही जुळवले. वाणांमधले मोठे फरक तिन्हीकडे दिसले, पण काही चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळेगणिक बदलले. नव्वद वर्षे खपून जनुके एकसारखी केली होती, तरी वर्तन एकसारखे झाले नव्हते. कारणे हळूहळू उलगडली. २०१० मध्ये जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवले की शेपटी धरून उचललेला उंदीर घाबरा होतो. नळीतून किंवा ओंजळीत घेऊन उचललेला बराच निवांत असतो. २०१४ मध्ये कळले की खोलीत पुरुष संशोधक असला, किंवा त्याचा घातलेला टी-शर्ट जरी ठेवला, तरी त्या वासाने उंदरावर ताण येऊन वेदनेची चिन्हे दबतात. खोलीचे तापमान हेही तसेच. प्रयोगशाळा २० ते २४ अंशांवर ठेवतात, उंदराला सुखाचे वाटते ते ३०च्या आसपास. मधला फरक तो चरबी जाळून भरून काढतो, त्यामुळे लठ्ठपणाचे आकडेही हलतात. पिंजऱ्यात घरटे करायला ८-१० ग्रॅम कागदाच्या पट्ट्या द्याव्यात, हा उपाय स्वस्त आहे आणि तरी अनेक ठिकाणी टाळला जातो.

आरोग्याच्या बाजूने या उंदराने जे दिले त्यात भूक आवरणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाची कथा सर्वांत सरस. १९५०च्या सुमारास जॅक्सन लॅबोरेटरीत एका पिंजऱ्यात आपोआप अतिलठ्ठ पिल्ले निघाली. डग्लस कोलमन यांनी या वाणाचा आणि दुसऱ्या एका लठ्ठ, मधुमेही वाणाचा रक्तप्रवाह शस्त्रक्रियेने जोडला. पहिल्याने खाणे सोडले आणि तो उपाशी मेला. भूक आवरणारा पदार्थ पहिल्याला तयारच करता येत नव्हता, दुसऱ्याला तो ओळखता येत नव्हता. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्या पदार्थाचे, म्हणजे लेप्टिनचे, जनुक शोधले. ज्या मोजक्या मुलांत जन्मतःच लेप्टिन नसते त्यांना ते टोचून फार गुण येतो; बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात मात्र ते आधीच भरपूर असते.

अल्झायमरमध्ये अंतर याहून जास्त पडले. १९९५-९६ मध्ये माणसातले सदोष जनुक घातलेले उंदीर आले. त्यांच्या मेंदूत प्रथिनांच्या गाठी साचत, पण चेतापेशी माणसातल्यासारख्या मरत नसत. १९९९ मध्ये एका लसीने या गाठी साफ झाल्या. तीच लस माणसांना दिल्यावर सुमारे सहा टक्के रुग्णांत मेंदूला सूज आली आणि २००२ मध्ये चाचणी थांबली.

आता काही गट उलट वाटेने निघाले आहेत. आठ वाणांचा मुद्दाम मिश्र संकर करून असा कळप तयार केला आहे, ज्यात कुठलेही दोन उंदीर सारखे नसतात. त्या आठांपैकी तीन वाण रानउंदरांपासून आणलेले आहेत. उरलेल्या पाचांत ५७ क्रमांकाच्या मादीचा वंशजही आहे.