दख्खनचे झिओलाइट

झिओलाइट हा जलयुक्त ॲल्युमिनोसिलिकेट खनिजांचा गट आहे. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या जाळीदार सांगाड्यात कॅल्शियम, सोडियम किंवा पोटॅशियमचे आयन आणि पाण्याचे रेणू बसलेले असतात. तापवले की पाणी निघून जाते, सांगाडा मात्र बहुधा शाबूत राहतो आणि गार झाल्यावर पुन्हा पाणी शोषून घेतो. स्वीडनचा खनिजशास्त्रज्ञ ॲक्सेल क्रोनस्टेट याने १७५६ मध्ये असा एक दगड ज्योतीत धरला, तेव्हा तो फसफसून फुगला. त्यावरून त्याने गटाला ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे ग्रीक नाव दिले. जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले झिओलाइटचे देखणे नमुने पाहिले, तर त्यांतले कितीतरी महाराष्ट्रातून गेलेले आढळतात.

याचे कारण इथल्या काळ्या कातळात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यांचा बेसाल्ट झाला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभागावर आहे. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे थराच्या वरच्या भागात अडकले. पुढे भूजल खडकातून झिरपत राहिले, खडकातली द्रव्ये विरघळवत राहिले आणि या पोकळ्यांत स्फटिक वाढले. अशा ठिपकेदार, पोकळ्या भरलेल्या थराला विहिरी खोदणारे ‘मांजऱ्या’ म्हणतात. एखादी मोठी पोकळी फोडून पाहिली, तर बहुधा भिंतीला हिरवट सेलॅडोनाइटचा लेप असतो, त्यावर कॅल्सेडनीचा पापुद्रा, मग झिओलाइट आणि शेवटी अपोफायलाइट किंवा कॅल्साइट. हा क्रम सगळीकडे सारखा नसतो, पण कोण आधी वाढले आणि कोण नंतर, हे कुणाच्या अंगावर कोण बसले आहे यावरून कळते.

एकोणिसाव्या शतकात भोर घाटातून रेल्वेमार्ग काढताना (१८५६–६३) बोगदे आणि खोदाई यांतून निघालेले नमुने विलायतेपर्यंत पोहोचले. पुढे ठिकाणे वाढत गेली. पुण्याजवळच्या पाषाणच्या आणि राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याच्या खाणी हिरव्या अपोफायलाइटसाठी ओळखल्या जातात. हा हिरवा रंग व्हॅनेडियममुळे येतो. नाशिकच्या परिसरात स्कोलेसाइटचे पांढरे पंखे आणि पॉवेलाइट सापडले. जळगावकडून स्टिल्बाइट येतो. मुंबईत कांदिवली आणि मालाडच्या खाणींनी प्रेनाइट, गायरोलाइट, लॉमोंटाइट दिले. आज तिथे इमारती आहेत. सर्वांत गाजले ते पुण्याजवळच्या वाघोलीचे कॅव्हॅन्साइट. हे खनिज १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या नमुन्यांवरून शास्त्राला नव्याने कळले, पण पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले त्याचे गर्द निळे गोळे वाघोलीइतके सुंदर इतरत्र मिळालेले नाहीत.

इथे एक खुलासा हवा. अपोफायलाइट, कॅव्हॅन्साइट, ओकेनाइट, प्रेनाइट ही खनिजे शास्त्रीय अर्थाने झिओलाइट नाहीत. ती त्याच पोकळ्यांत सापडतात, म्हणून बाजार सगळ्यांना एकाच नावाखाली विकतो. गारगोटी हा शब्द तर आपण चमकणाऱ्या कुठल्याही दगडाला लावतो.

मग ओळखायचे कसे? चाकू, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि भिंग एवढ्यावर बरेच भागते. खरी गारगोटी, म्हणजे क्वॉर्ट्झ, मोसच्या कठिनता मापश्रेणीत ७ वर आहे. चाकूचे पाते तिच्यावर चरा पाडू शकत नाही. कॅल्साइट ३ वर आणि स्टिल्बाइट ३.५ ते ४ वर, म्हणून दोन्हींवर चरा उमटतो. आता आम्लाचा थेंब टाकावा. कॅल्साइट लगेच फसफसतो, स्टिल्बाइट फसफसत नाही. थेंब नमुन्याच्या मागच्या बाजूला टाकावा आणि तोही भिंगातून बघून, कारण झिओलाइटच्या फटीत दडलेला कॅल्साइटचा कण हमखास फसवतो. वजनही बोलते. झिओलाइटचे विशिष्ट गुरुत्व साधारण २.१ ते २.३, क्वॉर्ट्झचे २.६५ आणि कॅल्साइटचे २.७, सवयीच्या हाताला हा फरक जाणवतो.

लोहखनिज ओळखताना कस फार उपयोगी पडतो: हेमॅटाइट काळे दिसले तरी चिनीमातीच्या खरबरीत तुकड्यावर घासल्यावर लालसर रेघ उमटते. झिओलाइटच्या बाबतीत मात्र ही परीक्षा वाया जाते, कारण सगळ्यांचा कस पांढराच. रंगही तितकाच बेभरवशाचा. स्टिल्बाइट पांढरा, गुलाबी, विटकरी कसाही असतो, आणि रंग बहुधा भेसळीचा. राहतात आकार आणि पाटन, म्हणजे ठरावीक दिशेने सपाट फुटण्याचा गुण. स्टिल्बाइटचे स्फटिक मधोमध बांधलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना पसरतात. ह्यूलँडाइटचे स्फटिक उलट मध्ये रुंद आणि टोकांकडे निमुळते. दोघांचेही पाटन एकाच दिशेने उत्कृष्ट असते आणि त्या पृष्ठावर मौक्तिक चमक दिसते. अपोफायलाइटला क्वॉर्ट्झ समजण्याची चूक नेहमीची. त्याचा छेद चौरस असतो, क्वॉर्ट्झचा षट्कोनी. नमुना उजेडात हळूहळू फिरवला, की अपोफायलाइटच्या बाजूच्या, उभ्या रेषा असलेल्या पृष्ठांवर काचेची चमक आणि माथ्याच्या सपाट पृष्ठावर मोत्याची झाक स्पष्ट वेगळी दिसते.

सुईसारख्या स्फटिकांपाशी डोळा हरतो. नॅट्रोलाइट, मेसोलाइट आणि स्कोलेसाइट जवळजवळ सारखेच दिसतात. स्कोलेसाइटची सुई फुंकनळीच्या ज्योतीत अळीसारखी वळते, ही जुनी खूण. नक्की निदान मात्र क्ष-किरण विवर्तनासारख्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने होते. लॉमोंटाइट स्वतःच ओळख देतो. कोरड्या हवेत त्यातले पाणी उडते आणि चकचकीत स्फटिक हळूहळू खडूसारखा भुसभुशीत होतो.

नमुन्यांची बाजारपेठ मोठी आणि बव्हंशी परदेशी आहे. अमेरिकेतले टूसॉन आणि जर्मनीतले म्युनिक इथली प्रदर्शने या व्यापारात महत्त्वाची. देशात पाहायचे तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय आहे. पण हे नमुने काढण्यासाठी वेगळी खाण क्वचितच खोदली जाते. सुरुंग लागतो तो खडीसाठी, डबरासाठी. माल ब्रासमध्ये मोजला जातो, इमारती दगड म्हणून त्याची गणना गौण खनिजांत होते आणि स्वामित्वधन राज्य शासनाकडे भरले जाते. पोकळी दिसली तर खाणीतला कामगार स्फटिक बाजूला काढतो, नाहीतर ते क्रशरमध्ये जातात. बांधकामाला मांजऱ्या थर तसाही नकोसा. त्याची खडी कमी प्रतीची मानतात आणि लॉमोंटाइट असलेला दगड काँक्रीटला त्रासदायक ठरतो. नमुना हातोहात फिरताना त्याची खाण कोणती, कोणता थर, ही माहिती गळून पडते. चिठ्ठीवर नुसते ‘पूना’ लिहिलेला नमुना कपाटात शोभतो, संशोधकाला त्याचा फारसा उपयोग नाही. बनवाबनवीही चालते: कापसासारख्या पांढऱ्या ओकेनाइटला गुलाबी-निळा रंग देतात, कॅव्हॅन्साइटचा गोळा गोंदाने स्टिल्बाइटवर चिकटवतात.

उद्योगातला झिओलाइट वेगळाच. खते, पाणी शुद्धीकरण, मत्स्यशेती यांत लागणारा क्लिनोप्टिलोलाइट ज्वालामुखीच्या राखेच्या थरांतून काढतात. पोकळ्यांत विखुरलेला दख्खनचा माल त्या प्रमाणात मिळत नाही. बाकी गरज कृत्रिम झिओलाइट भागवतात. कपड्यांच्या पावडरीत ते पाण्याचा जडपणा घालवतात, तर १९६०च्या दशकापासून खनिज तेलाच्या भंजनात (मोठे रेणू तोडण्यात) उत्प्रेरक म्हणून वापरले जातात. पुण्यात पाषाण रस्त्यावर असलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात विकसित केलेले झिओलाइट उत्प्रेरक बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीच्या कारखान्यात झायलीन हे रसायन तयार करण्याच्या प्रक्रियेत वापरले गेले. हवेतला नायट्रोजन अडवून ऑक्सिजन पुढे सोडण्याचा गुणधर्मही याच जाळीचा. म्हणून मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन संयंत्रे उभारण्यासाठी झिओलाइट रोमहून विमानाने बंगळुरूला आणावा लागला.