शेततळ्याचा अर्ज: फॉर्म सोपा आहे, अडकतं भलतीकडंच

"फॉर्म भरलाय, आता जेसीबी बोलावू का?" हा प्रश्न ऐकला की पोटात गोळाच येतो. नका बोलावू. पूर्वसंमती (कृषी विभागाची खोदायला मंजुरी) मिळायच्या आधी खोदलेल्या खड्ड्याला अनुदान मिळत नाही, मग साहेबांच्या कितीही पाया पडा.

मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून वैयक्तिक शेततळ्याला आकारानुसार जास्तीत जास्त 75 हजार मिळतात. तुमच्या नावावर योजनेत ठरवलेली किमान जमीन पाहिजे (कोकणात अट कमी आहे) आणि आधी कुठल्याही योजनेतून शेततळं घेतलेलं नको. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) लागतो, फी 23 रुपये 60 पैसे. प्लास्टिकचं अस्तरीकरण वेगळा घटक आहे, ते यात धरू नका.

आता खरी अडचण. "तुमच्या नावावर" या दोन शब्दांवर निम्मे लोक अडकतात. आजोबा जाऊन बारा वर्षं झाली, जमीन तुम्हीच कसताय, पण वारसनोंद केलेलीच नाही, सातबारा अजून त्यांच्याच नावावर. किंवा उतारा सामाईक, आणि संमतीपत्रावर पुण्याच्या आत्याची सही पाहिजे, ती दिवाळीशिवाय येत नाही. हे आधी निस्तरा, फॉर्म नंतर. वारसनोंदीला किती हेलपाटे बसतात ते तलाठी ऑफिसला गेल्यावर कळेलच.

दुसरं म्हणजे मोबाईल नंबर. फॉर्म भरून देणारा सेंटरवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो, निवडीचा मेसेज त्याला जातो आणि कागदं अपलोड करायची मुदत इकडं तुम्हाला पत्ता नसताना संपून जाते. मुदत निवडीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही मेसेज कधी बघितला त्यापासून नाही. नंबर स्वतःचाच टाका. आणि पैसे आधारला लिंक असलेल्या खात्यात जातात, पासबुक कुठलंही जोडा, तेव्हा लिंक कुठल्या बँकेला आहे ते बघून ठेवा.

जागा कृषी विभागाचा माणूस आखून देईल तिथंच आणि मंजूर मापाचंच खोदायचं. आगाऊ काही मिळत नाही, मापं घेतल्यावरच बिल. पाहुणा म्हणाला म्हणून नाल्याच्या पात्रात सरकवू नका, पहिल्याच मोठ्या पावसात बांध जाईल.

हमीपत्र कुणी वाचत नाही, पण निगा आणि दुरुस्ती तुमचीच असं त्यात स्पष्ट असतं. 2021 चा धरण सुरक्षा कायदा मोठ्या धरणांसाठी आहे, 10 मीटरपेक्षा कमी उंचीच्या बांधाला तो लागूच होत नाही, म्हणजे त्या कायद्याखाली तुमचा बांध तपासायला कुणी येणार नाही. जेसीबीवाला माती नुसती ढीग करून जातो, त्याला थर देऊन, पाणी मारून दाबायला लावा. सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) ठेवाच, पाणी बांधावरून गेलं की माती टिकत नाही. बांधावर गवत लावा, मोठी झाडं नकोत, मुळं कुजली की आत पोकळी राहते.

2019 ला रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना जबाबदार धरलं आणि अख्खा महाराष्ट्र हसला. पण बारक्या मातीच्या बांधाला उंदीर-खेकड्यांची बिळं खरंच भोवतात. मे महिन्यात एक चक्कर मारा, बिळं उकरून ओल्या चिकणमातीनं ठोकून भरा. पावसाळ्यात बांधाच्या बाहेरच्या पायथ्याला पाणी झिरपताना दिसलं आणि ते गढूळ असलं तर लगेच पाणी उतरवा, त्या वावरात माणसं-जनावरं ठेवू नका. आणि कुंपण करा, एक दोर कायम पाण्यात सोडलेला असू द्या, पोरं पोहायला येतातच.