वर्ग लहान झाला, तरी मुलं तिथंच

‘एका तुकडीत साठ मुलं कोंबल्यावर शिक्षक तरी काय करणार?’ पालकसभेत हे वाक्य हमखास येतं आणि सगळे माना डोलावतात. पण तुकडी लहान केली की मुलं आपोआप शिकतात का? मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत २००१ ते २००३ दरम्यान झालेल्या एका प्रयोगात याचं उत्तर जवळजवळ फुकटात मिळालं.

‘प्रथम’ संस्थेनं तिथं बालसखी नेमल्या होत्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, शिकलेली तरुणी. मागं पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वेगळी बसवायची आणि वाचन, बेरीज-वजाबाकी पक्की करून घ्यायची. याचा उपयोग होतो का, हे अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या अर्थतज्ज्ञांनी मोजलं.

मोजायचं कसं, हीच खरी गंमत. मागेल त्या शाळेला बालसखी दिली, तर उत्साही मुख्याध्यापकच पुढं येणार. मग मुलं सुधारली त्याचं श्रेय कुणाचं? म्हणून शाळांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले. बडोद्यात पहिल्या वर्षी ‘अ’ गटात बालसखी तिसरीला, ‘ब’ गटात चौथीला; पुढच्या वर्षी उलट. ‘अ’ची तिसरी ‘ब’च्या तिसरीशी ताडायची, ‘ब’ची चौथी ‘अ’च्या चौथीशी. एकही शाळा रिकाम्या हाती राहिली नाही आणि तुलनाही चोख! मला तर निकालापेक्षा ही मांडणीच जास्त आवडते.

निकाल असा: सगळ्या वर्गाचे सरासरी गुण पहिल्या वर्षी ०.१४ प्रमाण विचलनानं वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८. प्रमाण विचलन ही गुणांचा विखुरलेपणा मोजायची पट्टी. गुणांचं वितरण प्रसामान्य धरलं, तर ०.२८ म्हणजे शंभरांच्या रांगेत मधोमध उभं मूल साधारण अकरा जागा पुढं सरकणं. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरानं यातलं ०.१०च्या आसपास टिकलं.

पण पुढं कोण सरकलं? बालसखीकडं बसलेली मुलं. मूळ वर्गात उरलेल्यांनाही दोन तास लहान तुकडी मिळत होती, तीही बऱ्यापैकी सारख्या पातळीची. त्यांच्या गुणांत फरक दिसलाच नाही. म्हणून साठांची तुकडी चांगली, असं मुळीच नाही. दोन तासांपुरता बाक मोकळा झाल्यानं काही घडलं नाही, इतकंच. फरक पडला तो मुलाला जे येत नाही तिथून सुरुवात केल्यानं. (मुलाची पातळी कळायला एक उतारा वाचायला देणं पुरतं.)

मग हे सरकारी शिक्षकांनीच का करू नये? बिहारमध्ये २००८च्या जून महिन्यात उन्हाळी वर्गांत त्यांनी केलं आणि मुलं शिकली. शाळेच्या नेहमीच्या वर्षात मात्र नुसत्या प्रशिक्षणाचा परिणाम दिसेना; पुस्तक पुढं रेटायचं असतं ना! शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमानं तर ठरल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करणं हे शिक्षकाचं कर्तव्यच ठरवलं. हरियाणात २०१२-१३मध्ये यावर तोडगा निघाला: रोज एक तास राखून ठेवायचा, त्या वेळात मुलं इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवायची आणि पर्यवेक्षकांनी खरोखर वर्गात जाऊन पाहायचं. भाषेत सुधारणा झाली. गणितात नाही.