अशक्तपणातले सामर्थ्य : करिंथमधील वादाची पार्श्वभूमी

‘जेव्हा मी अशक्त तेव्हाच मी सशक्त आहे’ हे प्रेषित पौलाचे, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले उद्गार आपल्या मंडळ्यांत बहुधा आजारपणात किंवा दुःखाच्या प्रसंगी वाचले जातात, आणि त्यांतून खरोखर धीर मिळतो. मात्र ते लिहिले गेले ते करिंथच्या ख्रिस्ती मंडळीत पुढारीपणावरून पेटलेल्या वादात. देवाच्या सेवकाने कोणाच्या बळावर उभे राहावे, हा त्या वादाचा गाभा होता. आणि तो उमगण्यासाठी आधी ग्रीसमधल्या या करिंथ शहराची ओळख करून घ्यावी लागते.

इ.स.पू. १४६ मध्ये रोमन सेनापती मुम्मियसने जुने करिंथ उद्ध्वस्त केले. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, इ.स.पू. ४४ मध्ये, ज्युलियस सीझरने तेथे रोमन वसाहत स्थापली आणि ती वसवण्यासाठी आणलेल्या लोकांत गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांचा मोठा भरणा होता. दोन समुद्रांवरची दोन बंदरे हाताशी असल्यामुळे व्यापार झपाट्याने वाढला. पिढीजात खानदान्यांची मक्तेदारी नसलेल्या या गावात मानमरातब नव्याने कमावता येत असे, आणि कमावल्यावर तो दगडात कोरून ठेवण्याची रीत होती. चौकाच्या पश्चिम टोकाला बाबियस फिलिनस नावाच्या गृहस्थाने बांधलेल्या स्मारकाचे अवशेष आजही आहेत. हे स्मारक आपण स्वखर्चाने उभारले आणि नगराचा अधिकारी या नात्याने आपणच त्याला मंजुरी दिली, असे त्यावरच्या लेखात लिहिले आहे. या लेखात त्याच्या वडिलांचे नाव नाही, म्हणून तो किंवा त्याचे घराणे गुलामगिरीतून वर आले असावे, असे अभ्यासक मानतात.

अशा शहरात इ.स. ५०च्या सुमारास पौल आला. रोमन सम्राट क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोममधून घालवल्यामुळे तेथे आलेल्या अक्विला व प्रिस्किल्ला या जोडप्याकडे तो राहिला आणि त्यांच्याबरोबर राहुट्या करण्याचे काम करू लागला. त्याचा मुक्काम दीड वर्षाचा होता, असे नव्या करारातले प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगते. त्या काळी नामांकित वक्ते भरपूर मोबदला घेत किंवा एखाद्या धनिकाच्या आश्रयाने राहत, आणि हातांनी कष्ट करणे प्रतिष्ठितांत कमीपणाचे समजले जाई. पौलाने करिंथकरांकडून पैसे घेतले नाहीत. उत्तरेकडच्या मासेदोनिया प्रांतातल्या बांधवांकडून आलेली मदत मात्र स्वीकारली. येथल्या श्रीमंतांना ते लागले असणार, कारण दान नाकारणे म्हणजे आश्रयदात्याचे नाते नाकारणे होते. कोणाच्याही उपकाराखाली न राहता सर्वांना सुवार्ता फुकट सांगता यावी, एवढ्यासाठी त्याने हा रोष पत्करला. माझ्या मते त्याच्या नम्रतेची सर्वांत महाग किंमत हीच होती.

तो गेल्यावर मंडळीत तट पडले. मी पौलाचा, मी अपुल्लोस या उपदेशकाचा, मी केफाचा (म्हणजे पेत्राचा), असे म्हणणाऱ्यांना त्याने पहिल्या पत्रात लिहिले की आपण लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढ देवाने दिली. पुढे शिफारसपत्रे घेऊन काही नवे उपदेशक आले. पौलाची पत्रे वजनदार, पण समोर आला की दुबळा आणि बोलणे टाकाऊ, अशी टीका होऊ लागली. इ.स. ५५-५६च्या सुमारास लिहिलेले दुसरे पत्र या टीकेचे उत्तर आहे.

प्रतिष्ठेची मोजदाद करायचीच असेल तर ती घ्या, अशा आवेशात तो फटके, छड्या, फुटलेली तारवे, भूक आणि उघडेपणा यांची यादी देतो. शेवटी येतो दिमिष्कचा (दमास्कसचा) प्रसंग : नबाती राजा अरीतास याच्या अधिकाऱ्याने नगरावर पहारा बसवला असता पौलाला पाटीत बसवून खिडकीतून कुसाबाहेर उतरवण्यात आले. रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर सर्वांआधी चढणाऱ्याला सोन्याचा मुकुट मिळत असे. त्याच मुकुटाची उलट बाजू पौल येथे दाखवतो, असे काही अभ्यासकांना वाटते, आणि रोमन वसाहतीतल्या वाचकांना तो इशारा कळला असेल हे मलाही पटते.

या नम्रतेला केवळ स्वभावाचा मवाळपणा म्हणता येत नाही. पत्राच्या आरंभीच तो सांगतो की आसिया या रोमन प्रांतात (आजच्या पश्चिम तुर्कस्तानात) जगण्याचीही आशा सुटावी इतके ओझे पडले, ते यासाठी की आपण स्वतःवर नव्हे, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा. ‘शरीरातला काटा’ असे तो ज्याला म्हणतो ते दुखणे निघावे म्हणून त्याने तीनदा विनंती केली; काटा राहिला, कृपा पुरे आहे असे उत्तर मिळाले. याच भरवशावर तो कठोरही होऊ शकला. आपला अधिकार उभारणीसाठी आहे, असे सांगताना त्याने तो सोडून दिला नाही, आणि तुमच्या विश्वासावर आम्ही सत्ता गाजवत नाही, हेही त्याच पत्रात लिहिले.

त्यानंतर थोड्याच काळात त्याने रोमकरांस पत्र लिहिले, ते बहुधा करिंथमधूनच, आणि यरुशलेमेतल्या गरिबांसाठी अखयाने, म्हणजे करिंथ ज्या प्रांतात होते त्याने, वर्गणी दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे संबंध तुटला नव्हता. तरी पहिल्या शतकाच्या अखेरीस याच करिंथच्या मंडळीने आपल्या वडीलजनांना, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, पदावरून दूर केले. त्या वेळी रोमच्या मंडळीकडून आलेले, तेथला पुढारी क्लेमेंत याच्या नावाने ओळखले जाणारे पत्र ख्रिस्ताच्या नम्रतेचा दाखला देते आणि पौलाने तुम्हांला लिहिलेले पत्र पुन्हा हाती घ्या, असे करिंथकरांना सांगते.